छताला टांगलेली मटकी

बारावीला मी लातूरला राहिले. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, आणि हे मी आजही मान वर करून सांगते. भूकंपाला तेव्हा जेमतेम वर्ष झालं होतं. औशाकडच्या आमच्या गावात भिंती पडल्या, माणसं वाचली. वडिलांनी, म्हणजे आमच्या दादांनी, लातुरात मुद्दाम पत्र्याची खोली बघितली. "पत्रा पडला तर डोकं फुटंल, जीव जायचा न्हाई," म्हणाले. वर एक अट घातली, "एक जरी धक्का बसला, तर गठुडं बांधायचं अन् गावाकडं यायचं."

म्हणजे जमीन हालली की माझं शिक्षण बंद. मरणापेक्षा मला त्याचीच भीती जास्त होती.

सकाळचा क्लास बाराला सुटायचा, दुपारचा एकला. तेवढ्यात एकटीचं जेवण करायचं. स्टोव्ह मी दुपारी पेटवतच नसे. धक्का बसला तर आधी तो विझवायचा की आधी पळायचं, ह्याचं उत्तर मला सापडलं नव्हतं. म्हणून बिनाचुलीचं जेवण. रात्री मटकी भिजवायची, सकाळी फडक्यात बांधून पत्र्याखालच्या लोखंडी नळीला टांगायची. दुसऱ्या दिवशी मोड आले की त्यात कांदा, काकडी, लिंबू, मीठ आणि कुटलेले शेंगदाणे. संगं गावाकडून आलेली ज्वारीची कडक भाकरी. दहा मिनिटांत ताट तयार. पोट हलकं राहायचं, दुपारच्या क्लासला झोप यायची नाही.

ती पुरचुंडी माझी राखणदारही होती. तेव्हा लातुरात जो तो बसल्या बसल्या टांगलेल्या वस्तूकडं बघायचा, बल्ब हालतोय का, पंखा हालतोय का. मी मटकीकडं बघायची. शिवाय कोपऱ्यात एका उपड्या पेल्यावर दुसरा उपडा पेला ठेवलेला असायचा. पडला की पळायचं. जेवायला बसायची तीही उंबऱ्यात, चपला घालून.

एका दुपारी उशीर झाला होता. मूठभर मटकी काढून पुरचुंडी घाईनं परत टांगली आणि खलबत्त्यात शेंगदाणे कुटायला बसले. तीन-चार घाव घातले असतील, कोपऱ्यातला पेला खणकन् खाली आला. वर बघितलं तर पुरचुंडी झुलत होती.

"पेला पडला! हाललं! पळा!"

शेजारच्या खोल्यांतल्या पोरी वह्या टाकून अंगणात आल्या. घरमालकीणबाई शिलाई मशीन सोडून धावत आल्या, गळ्यात टेप तसाच. माझ्या हातात बत्ता. सगळ्या विजेच्या तारेकडं बघत उभ्या. तार जागची हालेना.

"बेटा, मला तर काईच जाणवलं न्हाई," घरमालकीणबाई म्हणाल्या. मग त्यांनी माझ्या हातातला बत्ता बघितला. "तू काय कुटत होतीस?"

मी बत्ता पाठीमागं लपवला.

"शेंगदाणे!" एक पोरगी ओरडली. "अगं बया, आज शेंगदाणे कुटले तर आम्ही अंगणात. उद्या पुरण वाटलंस तर आख्खं लातूर मैदानात काढशील!"

पोरी हसल्या. मला मात्र दादांची अट आठवली. रविवारी दादा येणार होते, आणि ही गोष्ट हसत-खिदळत त्यांच्या कानावर जाणार होती. मी घरमालकीणबाईंचा हात धरला. "चाची, दादांना सांगू नका. घेऊन जातील मला."

"जे झालंच न्हाई, ते मी कशाला सांगू?" त्या म्हणाल्या. "पण तो पेला खलबत्त्यापासून दूर ठेव बाई."

रविवारी दादा आले. अंगणातच त्यांनी विचारलं, "काही हाललं का ह्या आठवड्यात?"

"भांडं पडलं होतं एक," चाची मशीनवरून मान वर न करता म्हणाल्या. "पोरीची जात, घाई."

मी त्यांना माझं तेच जेवण वाढलं. दादा आत आले नाहीत. उंबऱ्यातच बसले, पायात चपला तशाच. भाकरी मोडता मोडता त्यांची नजर वर गेली. पुरचुंडी वाऱ्यानं किंचित हालत होती. त्यांचा घास हातातच राहिला. ते उठले, पुरचुंडी दोन बोटांत धरून थांबवली, सोडली आणि कितीतरी वेळ तिच्याकडं बघत उभे राहिले. ती हालली नाही.

मग बसून ताट पुसून खाल्लं.

"परीक्षा कधी हाय?" त्यांनी विचारलं.