पहिल्या भागाची पुनरावृत्ती

हेमचंद्र पाटबंधारे खात्यात होते. व्हायोलिन वाजवायचे, मांडी घालून, रागदारी. उमाताई छावणीतल्या चर्चच्या शाळेत पियानो शिकल्या होत्या. लग्नानंतर दोघांना मिळून वाजवता येईल असं काहीतरी हवं होतं, म्हणून उमाताईंनी पाश्चात्त्य संगीतातली व्हायोलिन-पियानोची एक रचना, एक सोनाटा काढला.

"म्हणजे स्थायी-अंतराच ना?" हेमचंद्रांनी विचारलं.

"नाही हो. यात दोन सुरावटी. पहिली घरच्या पट्टीत, दुसरी परक्या. त्या वाजवून झाल्या की पुन्हा पहिल्यापासून एकदा, कानात बसाव्यात म्हणून. मग मधला भाग. तिथं त्यांची मोडतोड होते, सूर कुठंकुठं भटकतात. शेवटी दोघी परत येतात, पण आता दुसरीही घरच्याच पट्टीत."

"तिनंच आपली पट्टी सोडायची? लग्नच की हे!"

दर रविवारी ते वाजवत. मुलगी वैदेही ते ऐकतच मोठी झाली, नोकरीसाठी पुण्याला गेली.

निवृत्तीनंतर एकदा हेमचंद्र औरंगपुऱ्यात भाजीला गेले आणि घरचा रस्ताच विसरले. एका रिक्षावाल्यानं त्यांना आणून सोडलं. डॉक्टरांनी स्मृतिभ्रंश सांगितला.

व्हायोलिन तेवढं राहिलं. पण पुनरावृत्ती संपली की पुढं जायच्या ऐवजी ते पुन्हा पहिल्या सुरावटीवर यायचे. उमाताई मुकाट्यानं त्यांच्यामागं जायच्या. पुन्हा, पुन्हा.

"आई, थांबव ना बाबांना," वैदेही फोनवर म्हणाली.

"थांबवलं की घाबरतात गं."

एका सकाळी मात्र उमाताईंना राहवलं नाही. त्या वळणावर मागं न फिरता त्या सरळ मधल्या भागात शिरल्या. हेमचंद्र थोडे सूर सोबत आले, मग गज थांबला. त्यांनी संकोचून उमाताईंकडं पाहिलं.

"माफ करा बाई, हे मला येत नाही. तुम्ही कुणाकडं शिकलात?"

उमाताईंनी घाईनं पहिली सुरावट धरली. पण हेमचंद्रांनी व्हायोलिन पेटीत ठेवून दिलं होतं. नंतर कधी हातात घेतलं नाही.

काही दिवसांनी उमाताईंनी पियानो शाळेला देऊन टाकला. न्यायला माणसं आली तेव्हा हेमचंद्र उठले, त्यांनी दार धरून ठेवलं.

"सांभाळून न्या," ते म्हणाले, "त्या बाईंचा आहे."

उमाताई स्वयंपाकघरात होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.