नाव झाकणारे नाना

स्लाइडवर लिहिलेलं नाव नानांना सहन होत नसे. काचेच्या कडेवरच्या अक्षरांवर ते डिंकाने कागदाची पट्टी चिकटवत, पट्टीवर स्वतःचा आकडा घालत आणि कोणता आकडा कशाचा, याची वही कपाटात बंद करून किल्ली सदऱ्याच्या आतल्या खिशात टाकत. मोजणाऱ्याने नुसतं मोजावं, काय मोजतोय ते त्याला कळता कामा नये. धुळ्यातल्या आमच्या प्रयोगशाळेत खुद्द विभागप्रमुखांनाही यातून सूट नव्हती. ते मागून कुरकुरत, पण किल्ली मागायची त्यांची छाती नव्हती.

नाना तंत्रज्ञ होते, नरडाण्याजवळच्या एका खेड्यातले. मेणात बसवलेल्या नमुन्याचे पातळ काप काढण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. धुळ्याच्या मे महिन्यात मेण हातातच मऊ पडतं, म्हणून ते सकाळी सहाला येत, येताना सायकलच्या कॅरिअरला गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी असे. त्या बर्फावर मेणाचे ठोकळे घट्ट होत. एक तुकडा मात्र ते आधीच वेगळा काढून ठेवत, दहाच्या लिंबूसरबतासाठी. सरबत त्यांच्याच हातचं लागे, आणि साखर कमी पडली असं म्हणायची सोय नव्हती.

नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मी तिथे पीएच.डी. करत होते. आपल्या रोगप्रतिकारक पेशी काही रेणू सोडतात, एकमेकींना आणि इतर पेशींना निरोप पोचवण्यासाठी. त्यातल्या टीएनएफ नावाच्या रेणूचा निरोप मिळाला की यकृताच्या कर्करोगाची पेशी मरते का, हा माझा प्रश्न. पेशी मुंबईत वाढत, तिथेच त्यांना औषध मिळे आणि मग फॉर्मालिनच्या बाटल्यांतून त्या माझ्यासोबत गाडीने धुळ्याला येत. अशा निरोपाने मरणारी पेशी फुटत नाही. ती आक्रसते, तिचं केंद्रक गडद होतं, त्याचे तुकडे पडतात आणि शेजारणीला धक्काही लागत नाही. नानांनी पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकातून ते पाहिलं तेव्हा म्हणाले, ‘‘इले कोनी मारेल नही शे. ही सोताच आवरी ऱ्हायनी.’’ पेशी स्वतःच आवरतं घेते, हे मोठमोठ्या लेखांतून मला कळलं नव्हतं ते त्या वाक्यात कळलं.

फेलोशिपचं शेवटचं वर्ष होतं. नाना आठवडाभर गावी गेले आणि मला थांबवेना. मी पट्ट्यांशिवायच स्लाइडवरच्या मेलेल्या पेशी मोजल्या. आकडे देखणे आले. टीएनएफ एकटाच पेशी मारतो असं दिसत होतं, आणि मुळात मला तेच हवं होतं. मी प्रबंधाचं प्रकरण लिहून काढलं, घरी पेढेही नेले.

परत आल्यावर नानांनी माझ्या मोजणीच्या वहीवर नजर टाकली आणि डिंकाची बाटली उघडली. दोन दिवस मी फणफणत पुन्हा मोजलं. मग नानांनी कपाटातली आकड्यांची वही उघडली तर टीएनएफ दिलेल्या आणि काहीच न दिलेल्या पेशींत फरकच नव्हता. आधी इंटरफेरॉन नावाचा दुसरा रेणू देऊन मग टीएनएफ दिला होता, तेवढ्याच स्लाइडमध्ये पेशी खरोखर मरत होत्या. म्हणजे माझ्या अख्ख्या प्रकरणातली या जोडीबद्दलची एक ओळच खरी होती.

मी भांडले. पेशी आक्रसली आहे की तिरकी कापली गेली आहे, हे शेवटी बघणाऱ्याच्या मनावर असतं, मग पहिली मोजणी का नको, असं बरंच काही बोलले. तेव्हा नानांनी सांगितलं की त्यांचा धाकटा भाऊ यकृताच्या कर्करोगाने अंथरुणाला खिळला आहे आणि आठवडाभर ते त्याच्याच उशाशी होते.

‘‘औषध लागू पडाले जोयजे, हाई माले तुन्हापेक्षा जास्त वाटस,’’ ते म्हणाले. ‘‘पन पट्टी काढीसन मोजं तं मना भाऊ बरा व्हई का?’’

मला त्यांच्याकडे बघवेना. त्याच दुपारी मी प्रकरण फाडलं. नवं लिहायला सहा महिने गेले, फेलोशिप संपली, वडिलांकडे हात पसरावा लागला. पण परीक्षकांनी नेमक्या त्या जोडीवरच सगळा वेळ प्रश्न विचारले, आणि एकाही उत्तराला मी अडखळले नाही.

नानांचा भाऊ त्याआधीच गेला होता.

निवृत्तीनंतर नाना गावी राहायला गेले. मी पुण्याला नोकरी धरली होती. एका दिवाळीत एस.टी.ने त्यांना भेटायला गेले. अंगणात कापूस पसरला होता, नाना खाटेवर बसून नातीची वेणी घालत होते, तीही अगदी सरळ भांग पाडून. चहा झाल्यावर त्यांनी विचारलं की ते जोडीचं औषध आता माणसांना देतात का. मी खरं ते सांगितलं. काचेवर पेशी मरतात, पण माणसाला पुरेसं द्यायला जावं तर तापाने तो फणफणतो, रक्तदाब कोसळतो, अजून जमलेलं नाही.

नानांनी रिकामी कपबशी खाटेखाली सरकवली.

‘‘हाई बी लिखं ना कोठे?’’

‘‘लिहिलं, नाना. याच महिन्यात छापून आलं.’’

‘‘मंग बेस व्हयनं,’’ ते म्हणाले. ‘‘पुढला मानूस तठून सुरू करी.’’ आणि त्यांनी नातीला हाक मारून माझ्यासाठी आणखी चहा सांगितला.