सासूबाई जाग्या राहिल्या की पुस्तक चांगलं

पेणच्या वाचनालयात निसर्गाचं किंवा विज्ञानाचं पुस्तक मागितलं, की सुलभाताई आधी सासूबाईंचं मत सांगत. “हे न्या भाऊ. सासूबाई शेवटपर्यंत जाग्या होत्या.” मी एखाद्या जाड पुस्तकाकडे हात नेला, तर म्हणत, “ते नको. दुसऱ्याच पानाला घोरल्या त्या.”

सासूबाईंना अक्षरओळख नव्हती. उभा जन्म खाडीकाठच्या मिठागरात गेलेला. सुलभाताई ग्रंथपाल. नवं पुस्तक आलं, की ते घरी नेऊन संध्याकाळी तांदूळ निवडणाऱ्या म्हातारीला मोठ्यानं वाचून दाखवत. मी डोलवीला कंपनीत. शिफ्ट सुटली की पुस्तक बदलायला जाई. भल्याभल्यांच्या शिफारशीवरून विकत घेतलेली पुस्तकं माझ्या घरी धूळ खात पडली आहेत. या म्हातारीनं मात्र मला कधी फसवलं नाही.

ऑक्टोपसला तीन हृदयं असतात, हे ऐकून त्या सूप बाजूला सारून भांडायला उठल्या होत्या. “तीन काळजं? हितं एक सांभालता नाय येत गो!” मुंग्यांच्या पुस्तकावर तर त्यांचा रागच होता. वारुळात राबणाऱ्या सगळ्या माद्याच असतात, असं त्यात होतं. “मंग त्यात नवीन काय लिवलंय?”

“सासू-सुनेचं भारी जमतं तुमचं,” मी एकदा सहज म्हटलं.

पुस्तकावर शिक्का मारता मारता ताई म्हणाल्या, “जमत नाय हो. हे गेले, आणि दोघींना बोलायलाच काय सुचेना. तोंड उघडलं की यांचंच नाव येणार. म्हणून मी वाचायला लागले.”

‘हे’ म्हणजे ताईंचे यजमान, म्हातारीचा एकुलता एक मुलगा. पुस्तक काखेत मारून मी निघालो.

गेल्या हिवाळ्यात सासूबाईंनी अंथरूण धरलं, ते शेवटचंच. त्या गेल्यावर मी भेटायला गेलो, तेव्हा ताईंनी सांगितलं. पक्ष्यांचं नवंकोरं पुस्तक घेऊन त्या उशाशी बसल्या होत्या. पहिलं पान होतंय तोच म्हातारीनं पुस्तकावर हात ठेवला.

“पुरे गो ते. माज्या पोराचं काय तरी सांग.”

ताईंनी पुस्तक मिटलं. मग त्यांनी सांगितलं, की लग्न ठरल्यावर तो त्यांना माहेरी भेटून रोह्याहून गाडीनं परतत होता, आणि तंद्रीत पेणला उतरायचाच विसरला. थेट पुढच्या जिते स्टेशनला जाऊन पोहोचला. त्या दिवशी पोराला घरी यायला उशीर का झाला, हे आईला इतक्या वर्षांनी कळलं. म्हातारी हसली, मग रडली, आणि म्हणाली, “अजून सांग.”

“अख्ख्या जगाचं वाचून दाखवलं मी त्यांना,” ताई मला म्हणाल्या. “त्यांना काय ऐकायचंय, ते कधी विचारलंच नाय.”