माझ्या पियानोवाल्याचं नाव

माझा एक पियानोवाला आहे. सत्तरच्या दशकातला. इंग्रजीत गाणी लिहिणारा, स्वतःच चाली लावणारा आणि स्वतःच पियानोवर बसून गाणारा. त्याचं नाव या लेखात एकदाही येणार नाही. विसरलो म्हणून नव्हे. तीस वर्षं मी ते नाव लग्नांत घेतलं, बारशांत घेतलं, एकदा तर चुलत्यांच्या दहाव्याला घाटावर घेतलं आणि आत्याबाईंचा मार खाता खाता वाचलो. आता ते माझ्या तोंडून निघत नाही, आणि त्याला कारण आहे.

आमची शिरोलीला फौंड्री. वडिलांनी काढली, मी चालवली. फौंड्रीत भंगार येतं, ते वितळतं आणि त्याचं काहीतरी नवीन होऊन बाहेर पडतं. मी कॉलेजातून नुकताच बाहेर पडलो होतो तेव्हा भंगाराच्या ट्रकमधून एक लोखंडी ट्रंक उतरली. आत जुन्या रेकॉर्डी. उन्हानं बहुतेकांचे पापड झालेले, एकच सरळ राहिलेली. तिच्या पाकिटावर एक माणूस स्वेटर घालून, दातांच्या डॉक्टरकडे नंबर लावल्यासारखा बसला होता. त्या काळातले त्याचे भाऊबंद चमकीचे कोट घालून पियानोवर उभे राहायचे, म्हणे. हा बसला होता. मला तिथेच त्याची दया आली आणि मी रेकॉर्ड घरी आणली.

तीन दिवसांत दया संपली आणि भक्ती सुरू झाली.

त्याचा आवाज काही थोर नाही. चार जिने चढून आलेला माणूस दारात उभा राहून बोलतो, तसा. पण पियानो! उजवा हात गप्पा मारतो, आणि डावा हात नवं पायताण घालून रंकाळ्यावर फिरायला निघाल्यासारखा करकरत चालतो. विषय म्हणाल तर किरकोळ. प्रेमभंग नाही, क्रांती नाही. एका गाण्यात एक माणूस शेजाऱ्याकडून आणलेली शिडी परत द्यायला निघतो. शिडी खांद्यावर, गल्ली अरुंद, वाटेत प्रत्येकजण विचारतो, कुठे निघालास? बस. एवढंच गाणं. तिसऱ्या कडव्याच्या तोंडाशी मात्र माझ्या हातावर काटा यायचा. दरवेळी, त्याच जागी. मी लोकांना शर्टाची बाही वर करून दाखवायचो.

लोक काटा बघायचे आणि निघून जायचे. मुंबई-पुण्याच्या दुकानांत मी त्याच्या आणखी रेकॉर्डी मागितल्या, तर दुकानदार नाव ऐकून मलाच विचारायचे की हा कोण. त्याच्या स्वतःच्या देशातही त्याला फारसं कोणी विचारलं नाही, असं नंतर कळलं. मग मी ठरवलं, तिथे नाही तर नाही, कोल्हापुरात याची गादी स्थापन करायची.

त्यासाठी मला एकाच माणसाचा शिक्का हवा होता. पेटीवाले काका. पन्नासेक वर्षं हार्मोनियम दुरुस्त करणारा माणूस. त्यांच्या दुकानात पेट्या उघड्या पडलेल्या असतात, आणि काका मांडीवर फळी घेऊन पितळी सूर कानसत असतात. एकदा घासायचं, फुंकायचं, ऐकायचं; पुन्हा घासायचं. मोठमोठे गवई त्यांच्यापुढे गाताना जपून गातात, कारण काका "वा" म्हणत नाहीत. वर्षाकाठी एखादा वा, तोही पाऊसपाणी चांगलं असेल तर. वीस वर्षं दर शनिवारी मी त्यांना शिडीचं गाणं ऐकवत आलो, आधी कॅसेटवर, मग मोबाइलवर. दरवेळी दुसऱ्या कडव्यापर्यंतच ऐकून ते पुन्हा कानस उचलायचे, आणि उत्तर तेच.

"बरा हाय."

कोल्हापुरात एखाद्या रश्श्याला कोणी "बरा हाय" म्हणालं, तर आचारी गाव सोडतो. मी सोडलं नाही.

दोन वर्षांपूर्वी आमच्या भंगारवाल्याचा फोन आला. एका बंद बंगल्यातला पियानो आलाय, लाकूड कुजलंय, पण आत बिडाची जाड चौकट हाय, भट्टीला एक नंबर. मी जेवणावरून उठून गेलो. पियानो ट्रकमध्ये आडवा पडला होता. लाकूड काही कुजलं नव्हतं, नुसती धूळ होती. मी पुढची फळी काढली आणि आतली बिडाची, म्हणजे ओतीव लोखंडाची, चौकट पाहिली. आयुष्यभर बीड ओतलेला माणूस मी, पण इतकं नीट ओतकाम फार कमी वेळा पाहिलं होतं. त्या चौकटीवर सव्वादोनशे तारांचा ताण असतो. असं बीड भट्टीत घालणारा मी नव्हे. पियानो घरी आला.

बायकोनं दारातच विचारलं, हा आत येणार की आपण बाहेर जायचं? ती बेळगावची. लहानपणी मिशनच्या शाळेत पाच वर्षं पियानो शिकलेली, नंतर गणिताची मास्तरीण झाली आणि बोटं खडूला लागली. पण पियानोवरची धूळ तिनंच पुसली, आणि पंधरा दिवसांत रेकॉर्ड ऐकून ऐकून शिडीचं गाणं वहीत उतरवून काढलं. पियानो बेसूर होता, म्हणून सराव भाचीच्या छोट्या इलेक्ट्रिक कीबोर्डवर चालला.

पियानो लावायला पुण्याहून माणूस बोलवायचा विचार होता. काकांच्या कानावर ते गेलं, आणि ते म्हणाले, "का? आम्ही मेलोय व्हय?"

याच सुमारास आमच्या रस्सा मंडळात ते प्रकरण झालं. आम्ही बाराजण आहोत. महिन्यातून एकदा कोणाच्या तरी शेतावर जमतो, स्वतः मटण आणतो, स्वतः तांबडा-पांढरा करतो आणि जगाचे प्रश्न सोडवतो. त्या दिवशी मी पियानोवाल्याचा विषय काढला आणि मंडळाचा संयम सुटला. आमच्यातला एक वकील आहे. त्यानं पळी खाली ठेवली आणि ठराव मांडला. पुढच्या महिन्याची बैठक माझ्या घरी. वैनी पियानोवर ते गाणं वाजवतील. पेटीवाले काका "वा" म्हणाले, तर मंडळ दर बैठकीला त्या पियानोवाल्याचं एक गाणं बसून ऐकेल, तक्रार न करता. नाही म्हणाले, तर त्याचं नाव पुन्हा माझ्या तोंडून निघायचं नाही.

"कधीच?" मी विचारलं.

"मेल्यावर घे की," वकील म्हणाला.

मी रश्श्यावर हात ठेवून शपथ घेतली. माझी खात्री होती. काकांनी आजवर गाणं फुसक्या मोबाइलवर ऐकलं होतं, खरा पियानो त्यांनी ऐकलाच कुठे होता?

काका कामाला लागले. तारा पिळायची किल्ली मी आमच्या टूलरूममध्ये चौकोनी तोंडाची करून घेतली. एका सुराला तीन-तीन तारा, म्हणून दोन दाबून एक लावायला रबराची पाचर कापली. पहिल्या दिवशी काकांनी पियानोपुढे बसून फक्त एक प्रश्न विचारला. गाण्याचा सा कुठला?

बायको स्वयंपाकघरातून बाहेर येत होती. मी तिच्या आधी बोललो. "पांढरी एक. डोळे झाकून."

ती दारात थबकली, काहीतरी म्हणायला तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली.

तीन आठवडे, थेट बैठकीच्या आदल्या रात्रीपर्यंत, काका येत होते. रोज दोन तास, चहा न घेता. पांढरी एक सा धरून त्यांनी एकेक सूर असा लावला की काय सांगू. गांधार तर त्यांनी केसभर उतरवला, तंबोऱ्यातून आपोआप निघतो तसा. हा विलायती पियानो सगळे सूर सारख्या अंतरावर लावून बिघडवलेला असतो, म्हणाले, आता बघा. मी ऐकलं. नुसता सा-ग-प दाबला तरी खोलीत कोणीतरी दिवा लावल्यासारखं व्हायचं.

रविवारी दुपारी मंडळ जमलं. तांबडा, पांढरा, भाकरी, सगळं झाल्यावर बारा तृप्त माणसं सतरंजीवर रेलली. काका एकटे खुर्चीत, पियानोला लागून. मी प्रस्तावना केली. ती लांबली असं नंतर सांगण्यात आलं. मग बायको बसली.

पहिलं कडवं झालं आणि सतरंजीवरची कुजबुज थांबली. ते सूर कोणीच कधी ऐकले नव्हते. डावा हात करकरत चालला होता, शिडी गल्लीतून निघाली होती. दुसऱ्या कडव्यात वकिलानं तोंडातला तंबाखू चघळायचं थांबवलं. काकांचे डोळे मिटलेले. मी बाही वर केली, कारण तिसरं कडवं येत होतं.

आणि तिसऱ्या कडव्याच्या पहिल्याच सुराला पियानो रडला. चूक झाल्यासारखा नव्हे. दारात शेपूट अडकलेल्या कुत्र्यासारखा. बायकोचे हात बरोबर पट्ट्यांवर होते, मला दिसत होते, पण जे बाहेर पडत होतं ते भयंकर होतं. ती खमकी, तिनं गाणं शेवटापर्यंत नेलं. मंडळ उताणं पडून हसत होतं. वकिलानं डोळे पुसत निकाल दिला. शपथ लागू. नाव बंद.

मी काकांकडे पाहिलं. ते हसत नव्हते.

"सूनबाई," ते म्हणाले, "दुसऱ्याचं शेवट आन् तिसऱ्याचं तोंड. परत."

तिनं वाजवलं. त्यांनी पुन्हा मागितलं. चौथ्यांदा वाजवून झाल्यावर त्यांनी तिचा हात पट्टीवरच थांबवला.

"ह्यानं सा उचललाय."

"हो," बायको म्हणाली. "पांढरी एकवरून पांढरी दोनवर जातं गाणं. तिसरं कडवं सगळं एक पट्टी वर आहे."

"आन् हे ह्यांना म्हाईत न्हवतं?"

"त्यांना काटा येतो," बायको म्हणाली. "का येतो ते त्यांनी कधी विचारलं नाही. मलाही नाही विचारलं."

तीस वर्षं मी त्या जागेवर व्याख्यानं दिली होती, आणि तिथे काय घडतं ते मला ठाऊक नव्हतं. बाही खाली केली.

काकांचं झालं होतं असं. त्यांच्या जन्मात सा म्हणजे घराचं छप्पर पेलणारी मेढ. ती गाण्याच्या मध्यात कोणी उपटून दुसरीकडे रोवत नाही. म्हणून त्यांनी एका सा साठी सगळे सूर अगदी खरे लावले होते. मेढ हलल्याबरोबर जुन्या घरातला धैवत नव्या घरात पंचम म्हणून उभा राहिला, आणि तो पंचम खोटा निघाला. जितकं खरं लावलं, तितकंच खोटं वाजलं.

"पण उचलला कशाला?" काकांनी विचारलं. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. "काय गरज?"

बायकोनं वही काढून शब्दांचा अर्थ सांगितला. दोन कडवी तो माणूस शिडी घेऊन चालतो. तिसऱ्याला शेजाऱ्याच्या दारात पोचतो, तर दाराला कुलूप. शेजारी गाव सोडून गेलेला. मग शिडी द्यायची कोणाला? तो ती त्याच घराच्या भिंतीला लावतो आणि स्वतः वर चढून बघतो, गल्लीच्या पलीकडे काय आहे.

काकांनी पांढरी एक दाबली, मग पांढरी दोन.

"म्हंजे ह्यो शिडी चढतोय की," ते म्हणाले. "आन् मी त्याची पायरी काढून ठिवली."

सोमवारी सकाळी सात वाजता ते किल्ली घेऊन दारात हजर. या खेपेला पाच आठवडे लागले. सव्वादोनशे तारा पुन्हा. गांधार केसभर चढवला, धैवत चढवला, एकेका सुरापाशी थांबून सुस्कारा टाकला. प्रत्येकानं थोडं थोडं सोसायचं, म्हणजे कुठलंही घर राहण्याजोगं होतं, असं ते कामाच्या नादात तारांना सांगत होते. तो उतरलेला गांधार मोडताना त्यांनी मला खोलीबाहेर जायला सांगितलं. मी गेलो.

काम झाल्यावर बायको वाजवायला बसली. मंडळ नव्हतं, आम्ही तिघंच. पहिल्या खेपेचा तो दिवा काही लागला नाही, खरं सांगतो. पण तिसरं कडवं आलं, गाणं एक पायरी वर गेलं, आणि काकांची हनुवटी त्याच्याबरोबर वर गेली. मी बाहीला हातही लावला नाही.

"वा म्हणा की, काका," मी म्हणालो.

"वा म्हटलं की लोक थांबत्यात," काका म्हणाले. "सूनबाई, परत."

सात वेळा झालं ते त्या दिवशी.

मी वकिलाकडे अपील केलं. फेटाळलं. शपथ रविवारची होती आणि रविवारी वा आला नव्हता. शिवाय नंतरही आला नाही, हे मी स्वतःच सांगून बसलो होतो. तेव्हा निकाल कायम. मी शब्द पाळला आहे, वरचा सगळा मजकूर तपासून पाहा.

पण ठराव माझ्या तोंडाबद्दल होता, काकांच्या नव्हे. हल्ली त्यांच्या दुकानात पेटी दुरुस्तीला टाकणाऱ्या प्रत्येकाला आधी खुर्चीत बसावं लागतं. काका मोबाइल काढतात, शिडीचं गाणं लावतात आणि तिसऱ्या कडव्याच्या आधी हात वर करून सगळ्यांना गप्प करतात. गिऱ्हाईक विचारतं, हा कोण? मग काका ते नाव घेतात. मोठ्यानं, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं, आणि इतकं मोडून की मी कोपऱ्यात बसून तळमळतो. चूक सुधारायची तर मला ते नाव घ्यावं लागेल.

मागच्या शनिवारी तिथे एक मोठे गवई आले होते. त्यांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं आणि मान डोलावून म्हणाले, बरं आहे.

काकांनी त्यांची पेटी उचलून त्यांच्या मांडीवर ठेवली आणि दुरुस्ती होणार नाही म्हणून सांगितलं.