पहिली ओळ सोडा

सरोदे सर कोणाच्याही घरी कॉम्प्युटर बघायला आले की आधी खिशातून पांढरा रुमाल काढायचे आणि कीबोर्ड पुसायचे. घरच्या बाईने सकाळीच पुसलेला असला तरी पुसायचे. मग रुमालाची घडी उलटी करून त्यावर काय लागलं ते सगळ्यांना दाखवायचे. 'अशा हातांनी इंटरनेट चालत नसतं,' हे त्यांचं पहिलं वाक्य. गेलेल्या माणसाबद्दल असं लिहायला मला संकोच वाटला असता, पण सर हयात आहेत, त्यामुळे ती अडचण नाही.

गोष्ट नव्वदचं दशक संपत आलं होतं तेव्हाची. टेलिफोनच्या तारेला मोडेम जोडायचा, तो बराच वेळ किंचाळायचा, आणि नेट लागलं तर लागायचं. जळगावात बसस्टँडजवळ एका औषधाच्या दुकानाच्या माळ्यावर सरांचा कॉम्प्युटर क्लास होता. पुण्यात कुठलासा सहा महिन्यांचा कोर्स केला होता, त्याच्या प्रमाणपत्राच्या झेरॉक्स क्लासच्या चारही भिंतींवर लावल्या होत्या. सगळ्या गावाला ते 'तुम्ही लोक' म्हणत. 'तुम्ही लोक केळी पिकवा. हे तुमचं काम नाही.' सर स्वतः जळगाव जिल्ह्यातल्याच पहूरचे. त्यांचे वडील तिथल्या बाजारात मिरच्या विकायला बसत, आणि कधी क्लासवर आले तर सर त्यांना जिन्यातच भेटून परत पाठवत. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. तरीही नेट अडलं की गाव त्यांच्याकडेच जायचं, मीही गेलो.

नेट हळू का चालतं हे शोधायची त्यांची एक पद्धत होती. पडद्यावर काळी खिडकी उघडायची, एक कमांड द्यायची. मग आपण पाठवलेल्या माहितीचं पाकीट अमेरिकेपर्यंत कोणकोणत्या ठाण्यांवरून जातं आणि प्रत्येक ठाण्यापर्यंत जाऊन यायला किती वेळ लागतो, त्याची यादी ओळीओळीने उतरायची. ती यादी छापून घेऊन सर शेवटच्या ओळींखाली लाल रेघा मारायचे. पहिली ओळ म्हणजे आपल्या घरापासून गावातल्याच केंद्रापर्यंतचा वेळ. तिच्यावर ते तळहात ठेवायचे. 'पहिली ओळ सोडा. ती आपली गावातली. तिच्यात काय बघायचं?' निकालही ठरलेला असायचा. घोळ मुंबईत, नाहीतर समुद्रात, आणि बहुतेक वेळा अमेरिकेत. घोळ जळगावात निघाला असता तर सरांना टेबलाखाली वाकावं लागलं असतं आणि पँटची इस्त्री मोडली असती. दुसरं कारण मला आजवर सापडलेलं नाही.

आमची गरज वेगळी होती. माझा धाकटा भाऊ दिनेश अमेरिकेत नोकरीला होता. आई गेली तेव्हा त्याची कागदपत्रं अडकली आणि त्याला येता आलं नाही. आबांनी, म्हणजे आमच्या वडिलांनी, त्यानंतर आठ महिने त्याचा फोन घेतला नाही. शेवटी मी मिनतवाऱ्या करून त्यांना दर रविवारी सकाळी कॉम्प्युटरसमोर बसवायला लागलो. हेडफोन घालून नेटवरून बोलता यायचं. पण आबांनी काही विचारलं की उत्तर यायला चार-पाच सेकंद जायचे. 'जेवला का रे?' विचारून आबा थांबायचे, कंटाळून दुसरं विचारायचे, आणि तेवढ्यात पहिल्याचं उत्तर यायचं. मी कितीदा समजावलं. आबा म्हणायचे, 'त्याले आते मन्हासंगे बोलाले बी इचार करना पडस.' संध्याकाळी याच तारेवरून मेल झटकन जायचे. सकाळीच काय होतं ते कळेना, म्हणून मी सरांना बोलावलं.

सर रविवारी सकाळीच आले. कीबोर्ड पुसला, रुमाल दाखवला, यादी छापली, पहिल्या ओळीवर हात ठेवला. सकाळीच असं का होतं, विचारलं तर म्हणाले, 'आपली सकाळ म्हणजे त्यांची रात्र. तेव्हा सगळी अमेरिका नेटवर बसते. तुम्हा लोकांना हे समजायला वेळ लागेल.' मग यादी माझ्या हातात देऊन म्हणाले, 'वाचा मोठ्याने, आबांनाही ऐकू दे.' मी वाचली.

तेवढ्यात दिनेश लाइनवर आला. आबांनी हेडफोन घातला. त्या दिवशी त्यांनी जेवणाचं विचारलं नाही. म्हणाले, 'मायनं वरीसश्राद्ध शे. येशी का?'

आणि थांबले. मी बोटं मोजत होतो. पाच झाली तेव्हा आबांनी सरांकडे मान वळवली. 'खोट कोठे शे, सर?'

सर रुमालाची घडी घालत होते. 'घोळ तिकडच्या बाजूला आहे, आबा. आपली बाजू एकदम स्वच्छ.'

आबांनी हेडफोन काढून टेबलावर ठेवला आणि ते मळ्यात निघून गेले. मी तो कानाला लावला तेव्हा दिनेश म्हणत होता, 'येतो, आबा. तिकीट काढलंय. आबा?'

मी मळ्यात धावत जाऊन आबांना सांगितलं. ते म्हणाले, 'तू त्यानी बाजू घेस. सर शिकेल मानूस शे.' बाप उत्तर ऐकायलाही थांबला नाही हे दिनेशला लागलं. त्याने तिकीट रद्द केलं आणि रविवारी नेटवर यायचंही बंद केलं. वर्षश्राद्धाला तो नव्हता. सरांनी त्या आठवड्यात क्लासमध्ये आमच्या घरची यादी नमुना म्हणून फळ्यावर लिहिली, पहिली ओळ वगळून.

पुढच्या महिन्यात फोनच बंद पडला आणि लाइनमन आले. धुळ्याकडचे म्हातारे गृहस्थ, सगळे त्यांना नाना म्हणत. त्यांनी कॉम्प्युटरकडे पाहिलंसुद्धा नाही. तारेच्या मागोमाग चालत ते घराबाहेर पडले आणि मळ्यातल्या विहिरीपर्यंत गेले. विहिरीवर असताना फोन घेता यावा म्हणून आबांनी तिथे घरच्याच लाइनवरचा जोडफोन नेला होता. त्याची तार त्यांनी स्वतःच्या हातांनी पाण्याच्या मोटारीच्या केबललाच सुतळीने बांधत नेली होती. आमच्या भागात मळ्यामळ्यांतून तारा अशाच नेलेल्या असत. सकाळी थ्री फेज वीज यायची, मोटार सुरू व्हायची, आणि तिची घरघर टेलिफोनच्या तारेत शिरायची. मग मोडेम एकेक पाकीट पुन्हा पुन्हा पाठवत बसायचा. संध्याकाळी मोटार बंद, तार शांत.

सर घोळ अमेरिकेत म्हणाले होते, हे मी सांगितलं तसे नाना आबांना म्हणाले, 'अमेरिका कसाले? खोट आपला वावरमा शे.'

आबांनी केळीची पानं कापायचा विळा आणला आणि सुतळीच्या गाठी कापत विहिरीपासून घरापर्यंत आले. पुढच्या रविवारी मोटार बंद ठेवून, अंघोळ करून, टोपी घालून ते आठ वाजता कॉम्प्युटरसमोर बसले. दिनेश आला नाही. मी फोन लावू का म्हणून विचारलं. 'राहू दे. तो येई.' असे पाच रविवार ते बसले. सहाव्या रविवारच्या आधी आबा गेले.

दिनेश तिसऱ्या दिवशी पोचला. माणसं सांत्वनाला दारावर येत होती. सरही आले, सतरंजी रुमालाने झटकून बसले आणि शेजारच्याला सांगू लागले, 'आबांचं नेट मीच बघायचो. मुलाच्या बाजूने घोळ होता.' मला त्यांना तिथेच उठवून घालवावंसं वाटलं. मी उठून आत गेलो.

आत दिनेश कॉम्प्युटरच्या टेबलाचा खण उघडून बसला होता. त्याच्या हातात लाल रेघांचा तो कागद होता.

'भाऊ, हे तर पहिल्याच ओळीत दिसतंय,' तो म्हणाला. 'दोन सेकंद इथेच गेलेत, गावातून बाहेर पडायच्या आधी. पुढच्या ओळींत त्यात फारशी भर नाही. हे कोणी वाचलं नाही?'

बाहेर सर बोलतच होते. त्यांना शिव्या देणं फार सोपं आहे, मी आजही देतो. पण त्या सकाळी कागद माझ्या हातात होता आणि त्यावर सरांचा तळहात नव्हता.

'मीच वाचून दाखवला होता आबांना,' मी म्हणालो. 'दुसऱ्या ओळीपासून.'