बाळंतिणीच्या खोलीतला प्लग

सोनाजी हिंगोलीच्या एका जिनिंगात इंजिन चालवायचा. कापसाचा हंगाम लागला की इंजिन सुरू व्हायचं, आणि त्याला जोडलेल्या डायनामोवर मालक पुनमचंद शेठच्या बंगल्यात दिवे लागायचे. शेठनं सोनाजीच्या खोलीतही एक दिवा दिला होता. मजुरांच्या ओळीत वीज असलेली ती एकच खोली. शेजारच्या बायका तिथं डाळ निवडायला यायच्या, आणि सोनाजीची बायको मंजुळाबाई प्रत्येकीला आग्रहानं दिव्याखाली बसवायची.

त्यांची एकुलती लेक पारू कळमनुरीला दिली होती. पहिल्या बाळंतपणाला ती माहेरी आली आणि ऐन थंडीत तिला मुलगा झाला. खोलीला खिडकी नव्हती. खाटेखाली निखाऱ्याची शेगडी ठेवली की धूर कोंडायचा, लेकरू खोकून खोकून निळं पडायचं. शेठच्या बंगल्यात विजेची एक जुनी शेगडी पडून होती. सोनाजीनं ती मागून आणली.

नांदेडचा वायरमन हरिचंद त्याच आठवड्यात बंगल्याच्या कामाला आला होता. सोनाजीनं त्याला खोलीवर नेलं.

"दिव्याच्या वायरीवरून एक प्लग काढून दे."

हरिचंदनं छताखालची वायर पाहिली. "ही एका दिव्यापुरती आहे, सोनाजीराव. शेगडी लई वीज ओढते. तिच्यासाठी बोर्डापासून वेगळी, जाड लाईन टाकावी लागते. पुढच्या खेपेला सामान आणतो."

"पुढची खेप कवा?"

"संक्रांत झाल्यावर."

लेकरू तोवर कसं राहणार? सोनाजीनं स्वतःच दिव्याची वायर सोलली, जोड दिला आणि भिंतीला प्लग ठोकला. शेगडी लावली की फ्यूजची तार जळायची. दोन-तीनदा असं झाल्यावर त्यानं इंजिनघरातून तांब्याची जाड तार आणून तिथं बसवली. मग फ्यूज जाईना. ती बारीक तार जळायची म्हणून छताखालची वायर जळत नव्हती, हे त्याच्या ध्यानात आलं नाही. शेगडी लाल झाली. मंजुळाबाईनं हात शेकले.

"अवं, धूर न्हाई का राख न्हाई. लेकरू बघा कसं झोपलं!"

सोनाजी पहिल्यांदाच नातवापाशी निवांत बसला.

काही दिवसांनी, दुपारच्या वेळी, इंजिन जोरात चालू असताना बाहेर ओरडा झाला. सोनाजीच्या खोलीच्या छपरातून धूर निघत होता. वाशांवर कितीक वर्षं उडून आलेला कापूस साचला होता, माळ्यावर गोधड्या होत्या. तो धावला. मंजुळाबाईनं पारूला बाहेर ढकललं होतं, लेकरू तिच्या हातात दिलं होतं. पण धुरात मग मंजुळाबाईलाच दार सापडलं नाही.

"आधी इंजिन बंद करा, वीज तोडा!" कुणीतरी ओरडलं. सोनाजी क्षणभर इंजिनघराकडे वळला, मग तसाच दारात शिरला. त्यानं तिला बाहेर ओढलं तेव्हा त्याचे दोन्ही हात भाजले होते. दिवस मावळायच्या आत मंजुळाबाई गेली.

पारूला सासरचे घेऊन गेले. त्यानंतर कितीतरी वर्षं ती हिंगोलीला आली नाही. सोनाजीची बोटं आखडली, तरी तो इंजिनावर जात राहिला. दुसरं काही येतच नव्हतं. बाजाराच्या दिवशी तो कळमनुरीला जायचा, नातवासाठी रेवड्या न्यायचा. पारू पाणी द्यायची आणि आत निघून जायची. लेक आपलं तोंड बघत नाही ते बरोबरच आहे, असं तो समजून होता.

अठ्ठेचाळीस साली निजामाच्या रझाकारांच्या भीतीनं गावंच्या गावं पैनगंगेपलीकडे निघाली. जिनिंग बंद पडलं. एका सकाळी फाटकाशी बैलगाडी थांबली. पारूचा नवरा सटवाजी गाडी हाकत होता, मागं नातू ग्यानबा बसला होता. पारू खाली उतरली.

"बाबा, चला. वाशिमला चाललो आमी."

"मला काहून नेतीस, पोरी?"

"चला म्हणते ना."

वाशिमला लोकांनी झाडांखाली मुक्काम टाकला होता. तिथं एके दुपारी भाकरी थापता थापता पारू थांबली.

"बाबा, त्या सकाळी वायर वास मारून राहिली व्हती. मी आईला म्हणलं, बाबांना सांग. ती म्हणली, नको, काढून टाकतील ते, किती हौसेनं बसवलंय. मग मीबी गप बसले. तुमच्यापुढं कोणतं तोंड घेऊन येऊ?"

सोनाजीनं चुलीतलं लाकूड आत सारलं.

"म्या सांगायला पायजे व्हतं गं तुमाला, वायरमन नको म्हणला व्हता म्हणून," तो म्हणाला. "म्या कुणालाच सांगितलं न्हाई."

पारू रडायला लागली. त्यानं आखडलेला हात तिच्या डोक्यावर ठेवला. भाकरी करपली, ती त्यानंच उतरवली.

त्या पावसाळ्यात मुक्कामावर हिवताप पसरला. सोनाजी त्यातून उठला नाही. भादव्यात रझाकार मोडले, रस्ते मोकळे झाले आणि गाड्या माघारी फिरल्या. कळमनुरी यायच्या आधी पारूनं वाटेतल्या बाजारात ग्यानबासाठी रेवड्या घेतल्या.