एकट्या उंदराचा राग

कुंजीलालच्या बापाने जन्मभर धानाच्या कोठीतले उंदीर मारले आणि कुंजीलालने जन्मभर उंदीर पोसले. गोंदियाच्या एका फार्मसी कॉलेजात पांढऱ्या उंदरांना दाणा-पाणी करायचं, पिंजऱ्यात धानाचा ताजा भुसा घालायचा, ही त्याची नोकरी. शेतीवाडी असलेल्या पोवार शेतकऱ्याच्या पोराने हे काम धरावं म्हणून तिथल्याच गोरेगाव तालुक्यातल्या त्याच्या गावाने त्याची यथेच्छ टिंगल केली. पण कुंजीलाल ऐकून घेणाऱ्यातला नव्हता. "तुमचे उंदीर तुमचं खातेत. माहे उंदीर मले खाऊ घालतेत," असं म्हणून तो गाडीला किक मारायचा.

तोंडाची टकळी कधी बंद नाही असा हा माणूस एकाच ठिकाणी मुका व्हायचा. ते ठिकाण म्हणजे त्याच्याच शेतावरची खोली. तिथे त्याचा धाकटा भाऊ भोजराज राहायचा. बायको वारल्यापासून भोजराज कोणाशी धड बोलत नव्हता, आणि बोललाच तर अंगावर धावून यायचा. पुतण्याच्या साखरपुड्यात त्याने पाहुण्यांसमोर ताट भिरकावलं आणि त्याच दिवशी शेतावर जाऊन राहिला. सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांनी त्याला तपासून उदासीवरच्या गोळ्या दिल्या होत्या. त्याने एकही घेतली नाही. "त्या खाऊन माणूस बधिर होते, नुसता झोपून राह्यते," हे त्याचं पालुपद. कुंजीलाल रोज सकाळी त्याचा डबा दारात ठेवायचा आणि भांडण नको म्हणून आल्या पावली परत फिरायचा.

अशात कॉलेजात शिकवणाऱ्या नीतू मॅडमचा प्रयोग सुरू झाला. एकेक नर उंदीर कित्येक आठवडे एकटा ठेवायचा, मग त्याच्या पिंजऱ्यात परका उंदीर सोडायचा. एकटा राहिलेला उंदीर त्या पाहुण्यावर असा तुटून पडायचा की त्यांना सोडवायला कुंजीलाल हातमोजे घालून तयारच असायचा. मॅडम सांगायच्या, मेंदू आपल्यापुरतं एक स्टेरॉइड स्वतःच बनवतो. त्याला न्यूरोस्टेरॉइड म्हणतात. गाडीला ब्रेक असतो ना, तसं ते भीतीला आणि रागाला आवरतं. एकटं ठेवलं की ते घटतं. उदासीवरचं औषध अगदी थोडं दिलं तर ते पुन्हा वाढतं का आणि राग उतरतो का, हे त्यांना बघायचं होतं.

मॅडम उंदरांविषयी बोलत होत्या, कुंजीलाल भोजराजविषयी ऐकत होता. औषध दिलेल्या उंदरांची पाळी आली त्या दुपारी तो चहाला गेला नाही. पिंजऱ्यापुढे उकिडवा बसला. जणू त्याच्याच पोराचा निकाल लागणार होता.

परका उंदीर आत सोडला. आतला उंदीर पुढे झाला. कुंजीलालने हातमोजे सावरले. उंदराने पाहुण्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं, भोवती दोन चकरा मारल्या आणि बाजूला जाऊन दाणा खाऊ लागला. थोड्या वेळाने पुन्हा आला, पुन्हा हुंगून गेला. चावा नाही, झडप नाही. आणि मुख्य म्हणजे तो पेंगत नव्हता. चांगला टुणटुणीत होता.

"मॅडम, हा झोपला नाही जी!" कुंजीलाल ओरडलाच.

"झोपायला कशाला हवा, कुंजीभाऊ? राग तेवढा उतरला," मॅडम म्हणाल्या. त्याही आनंदल्या होत्या, पण त्यांनी बोट उगारलं. "मेंदूतलं स्टेरॉइड अजून मोजायचंय. आणि हे उंदराचं झालं. माणसाचं त्याच्या डॉक्टरांनाच विचारायचं."

"त्याच्या डॉक्टरनं तं कवाचंच सांगून ठेवलं आहे," असं म्हणत कुंजीलाल दाराबाहेर पडलासुद्धा. त्याची गाडी त्या दिवशी गोरेगावच्या रस्त्याने एसटीला मागे टाकत गेली. आनंद त्याच्या पोटात मावत नव्हता.

शेतावर पोचला तेव्हा भोजराज खोलीच्या दारात बसला होता. "काऊन आला अवेळी?" तो खेकसला. कुंजीलाल बधला नाही. भावापुढे फतकल मारून बसला आणि वर्षभराचं तुंबलेलं बोलणं त्याने एका दमात मोकळं केलं. एकटा उंदीर, परका उंदीर, मेंदूतला ब्रेक, ते हुंगणं, ते दाणा खाणं, सगळं हातवारे करून सांगितलं. उंदीर कसा हुंगत होता हे दाखवताना त्याने स्वतःचं नाक फेंदारलं, तेव्हा भोजराजच्या मिशीत काहीतरी हललं. "झोपला नाही रे तो, भोजू. तुह्या डोक्यातला तो धाक खोटा आहे. गोळी घेऊन तं पाह्य."

भोजराजने विचारलं, "मंग त्याले दुसऱ्या उंदरायसंगं ठेवलं का?"

"कोणाले?"

"तुह्या उंदराले. राग गेला ना त्याचा."

"नाही. प्रयोग आहे तो. पाहुणा काढून घेतला. एकटाच आहे."

"म्हणजे एकटा ठेवाचा," भोजराज सावकाश म्हणाला, "अन् चावला तं औषध द्याचं."

रोज आल्या पावली परत फिरणारे आपलेच पाय कुंजीलालला दिसले. त्याला लाज वाटली, चांगलीच वाटली. तो उठला, खोलीत गेला, कोनाड्यातलं गोळ्यांचं पाकीट आणि पाण्याचा गडवा घेऊन आला. सोबत भिंतीच्या खुंटीवरचा भोजराजचा सदराही आणला.

"गोळी घे अन् सदरा घाल. घरी चाल."

भोजराजने गोळी हातात घेतली. ती तो न्याहाळत राहिला. "अन् घरी कोणावर धावून गेलो तं?"

"तं जाजो," कुंजीलाल म्हणाला. "आम्ही चावून घेऊ."